दर दोन हजार मैलांनी

मार्लिस कुबियाकची करडी गाडी ऑरिन टॉलफ्सनच्या गॅरेजात तीन दिवस उभी होती आणि ऑरिनने तिला हातही लावला नव्हता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या एल्क क्रॉसिंग गावात ही बातमी म्हणजे अगदीच आक्रीत. हा माणूस दुसऱ्याच्या गाडीचं बोनेट चर्चबाहेर उघडं दिसलं तरी प्रवचन सोडून खिडकीतून बघणारा. पण काय करणार? वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आधी कंपनीची परवानगी, मग पाना. परवानगीआधी एक नट जरी ढिला केला तरी क्लेम बाद. ऑरिनचे हात नुसते शिवशिवत होते.

गाडीला झालं काय होतं, ते त्याला सोमवारीच कळलं होतं. लेक रोडवर चालता चालता गाडी गप झाली आणि टोइंगवाल्याने ती ओढत आणली. ऑरिनने एकदा चावी फिरवली, कान दिला आणि म्हणाला, टायमिंग चेन तुटली. चेन तुटली म्हणजे आत व्हॉल्व्ह वाकले असणार, म्हणजे इंजिनाचं डोकं उतरवावं लागणार, म्हणजे साडेपाच हजार डॉलरचा चुराडा. हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की जणू गाडी त्यानेच मोडली होती.

लगेच तो म्हणालाही, की मी करून देतो, सामानाचे काय ते दे सवडीने. मार्लिसने ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मार्लिस म्हणजे मार्लिस. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली बाई. कुणाचं एक तिकीट जास्त लागू दिलं नाही की स्वतःकडे ठेवलं नाही.

"तेल बदलणं वेगळं आणि इंजिन वेगळं," ती म्हणाली. "तेलाचं मी केक देऊन फेडते. इंजिनाचं फेडायला मला किती केक भाजावे लागतील? नको बाबा. एवढ्यासाठीच तर वॉरंटी घेतली मी."

ही वॉरंटी म्हणजे गावात एक थट्टेचा विषय होता. सहा वर्षांपूर्वी शहरातल्या डीलरकडून गाडी घेताना तिने वरचे पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली, सात वर्षं किंवा एक लाख मैल. शुक्रवारी मासे तळतात त्या हॉटेलात तिने हे सांगितलं तेव्हा सगळं टेबल हसलं. असले कागद फक्त घेताना गोड लागतात, वेळ आली की कंपनी कानावर हात ठेवते, असं सगळ्यांचं एकमत. मार्लिसने मात्र तो चाळीस पानांचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला होता, बारीक अक्षरांसकट, आणि मगच सही केली होती. आता तिने डीलरला फोन केला. डीलर म्हणाला, आणा, पण तीन आठवडे नंबर लागणार नाही, आणि तुमची गाडी आमच्याकडे कधी सर्व्हिसला आलीच नाही, तेव्हा कंपनी काय म्हणेल सांगता येत नाही. तिने कागद उघडला. पान सतरा: काम कुठल्याही परवानाधारक मेकॅनिककडे करता येईल. झालं तर मग. कंपनीला तिने ऑरिनचा नंबर दिला आणि ते तुला फोन करतील असं ऑरिनला बजावून ती शेजाऱ्याच्या गाडीतून घरी गेली.

आणि तिच्या लेकीचा, कार्लाचा, तिकडे वाळवंटातल्या फीनिक्सहून रोज फोन. आई, वर्षातले पाच महिने बर्फ, गावापासून चौदा मैल, बस नाही, आणि आता गाडीही नाही. तू तिथे एकटी काय करतेस? मागची खोली रिकामीच आहे. आजवर मार्लिस या बोलण्याला दाद देत नव्हती. पण या वेळी ती ऑरिनला जाता जाता म्हणाली होती, की क्लेम पास झाला नाही तर नवी गाडी मला झेपणार नाही, मग घर काढते विकायला आणि जाते कार्लाकडे. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, पोस्टात टपाल निघायची वेळ सांगावी तसं.

ऑरिन त्यावर "हं" म्हणाला. आमच्याकडची नॉर्वेजियन वंशाची माणसं अशीच, मूग गिळून बसण्यात पटाईत. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला म्हणतील, आज जरा उकडतंय. पण त्या दिवशी ऑरिनला जेवण गेलं नाही. सदुसष्ट वर्षांचा अविवाहित गडी, घर गॅरेजच्या मागेच, जगात चिंता करावी असं एकच माणूस, आणि ते निघालं वाळवंटात. त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची त्याला सवय नव्हती.

तर तो कंपनीच्या फोनची वाट बघत बसला. मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मार्लिस पुन्हा शेजाऱ्याच्या गाडीतून उतरली, आणि दारातून आत आली ती तणतणतच.

"ऑरिन, तू कंपनीचा फोन घेत का नाहीस?"

"आलाच नाही," ऑरिन म्हणाला.

"तीनदा आला. तीनदा तू ठेवून दिलास. तिसऱ्या वेळी त्या बाईला म्हणालास, की कष्टाची भाकरी खायला शिक."

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? या देशात 'तुमच्या गाडीच्या वॉरंटीसंदर्भात बोलतोय' असं म्हणणारे लबाड फोन रोज दोन-चार येतात. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही येतात. शेजारच्या म्हाताऱ्या पाद्रीबुवांना तर दफनविधी चालू असताना आला होता. त्यामुळे 'वॉरंटी' हा शब्द कानावर पडला की आमच्या माणसांचा अंगठा आपोआप फोन बंद करतो. ज्या फोनची ऑरिन तीन दिवस चातकासारखी वाट बघत होता, तोच त्याने तीनदा कापला होता.

"मला वाटलं ते लबाडवाले," तो पुटपुटला.

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. हसता हसता ती टायरच्या चवडीवर बसली आणि तिने डोळे पुसले. ऑरिनही ओशाळून हसला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

मग दोघांनी मिळून फोन लावला. फोन कामाच्या बाकावर मधोमध ठेवला, स्पीकर चालू केला, आणि एक तास दहा मिनिटं कंपनीची बासरी ऐकली. मध्ये मध्ये एक आवाज सांगायचा की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी यवेट नावाची बाई आली. कष्टाची भाकरी खा असं जिला सांगितलं होतं, तीच ही. ऑरिनने माफी मागितली, कान लाल करून. यवेट म्हणाली, सर, मला रोज याहून वाईट ऐकावं लागतं, तुम्ही निदान भाकरी तरी दिलीत. बाई चांगली होती, पण कामाला पक्की. इन्स्पेक्टर उद्या सकाळी येईल, तो गाडी बघेल आणि तिथूनच मला फोन लावेल. आणि हो, इंजिनाचा मामला आहे, तेव्हा सहा वर्षांत तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या तयार ठेवा. पावत्या नसतील तर क्लेम मंजूर होणार नाही. एवढं सांगून तिने फोन ठेवला.

पावत्या कुठून आणायच्या? ऑरिनने गावातल्या कुणालाच आजवर पावती दिली नव्हती. आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पावती मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. जन्मभर लोकांना शिक्के मारून पावत्या देणाऱ्या मार्लिसनेही ऑरिनकडे कधी मागितली नव्हती. काम झालं की ती केकचा डबा बाकावर ठेवायची, तो मान हलवायचा, झाला व्यवहार.

मार्लिसने पर्समधून तो कागद काढला, पान तेवीस शोधलं आणि चष्मा नाकावर सरकवून वाचलं. पावत्या नसल्यास मेकॅनिकने स्वतःच्या हाताने ठेवलेली नोंद चालेल, तारीख आणि मैल लिहिलेले असतील तर, आणि मेकॅनिकने फोनवर तोंडी जबाब दिला तर.

"तुझ्याकडे असं काही नसणार," ती म्हणाली. "तुझं सगळं डोक्यात."

ऑरिन हात पुसायच्या फडक्याने बाकाचा एकच कोपरा पुसत राहिला.

"असू दे मग," मार्लिस उठत म्हणाली. "त्या इन्स्पेक्टरला उगाच हेलपाटा नको. आज रात्री कार्लाला कळवते."

ती दारापर्यंत पोचली. ऑरिनने तिला जाऊ दिलं असतं तर त्याचं एक गुपित गुपितच राहिलं असतं, आणि ती फीनिक्सला गेली असती. दोन्ही एकदम राखता येणार नव्हतं.

"आहे नोंद," तो म्हणाला. "येऊ दे त्याला उद्या."

"कुठे आहे?"

"उद्या," ऑरिन म्हणाला, आणि त्यापुढे तिने कितीही विचारलं तरी त्याने तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी नऊला इन्स्पेक्टर आला. डॅरेल त्याचं नाव, गोल अंगाचा, पोटावर कॅमेरा लटकवलेला हसरा माणूस. दिवसाला सहा गॅरेजं करायचा आणि प्रत्येक ठिकाणी लोक त्याच्याकडे यमदूत आल्यासारखं बघायचे, असं त्यानेच सांगितलं. मार्लिसने त्याला कॉफी दिली. त्याने मैलांचा आकडा टिपला, खालून-वरून फोटो काढले, मग इंजिनात तेल ओततात तिथलं झाकण काढून आत टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिला.

"सहा वर्षांची गाडी ही?" तो म्हणाला. "माझ्या बायकोची कढई इतकी स्वच्छ नसते. माझं नाव सांगू नका तिला."

मग त्याने यवेटला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बाकावर ठेवला. यवेटने आधी नियमाप्रमाणे सांगितलं की हा संवाद रेकॉर्ड होत आहे. मग म्हणाली, नोंद दाखवा.

ऑरिन कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटापाशी गेला. मग त्याने कपाटाचं दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाला. दाराच्या आतल्या बाजूला खडूपेन्सिलीने वरपासून खालपर्यंत ओळीच ओळी होत्या. तारीख, मैल, आणि त्यापुढे एखादा शब्द. एकूण छत्तीस ओळी.

डॅरेलने फोटो काढून पाठवले आणि खाली वाकून वाचायला लागला. "नऊ मार्च, एकवीस हजार शंभर मैल, 'सर्दी'," त्याने वाचलं. "सर्दी? इंजिनाला?"

"गाडीवालीला," ऑरिन म्हणाला.

"'केस कापले'," डॅरेल वाचत होता. "'कार्लाचा फोन, रडली'. 'नवा कोट'." त्याने आवाज हळूहळू कमी केला आणि मग वाचायचं थांबवलं. मार्लिस कॉफीचा कप हातात धरून तशीच उभी होती. ऑरिनला तिच्याकडे बघवेना.

यवेटचा आवाज आला. "सर, मला यात एक अडचण दिसते. हे सगळं एकाच हाताचं आणि फार व्यवस्थित आहे. दर दोन हजार मैलांनी तेल बदललेलं, म्हणजे दर दोन महिन्यांनी. या गाडीचं तेल साडेसात हजारांवर बदलायचं असतं. कुणीही इतक्या वेळा बदलत नाही. बरं, या कपाटावर दुसऱ्या एकाही गिऱ्हाइकाची नोंद नाही. हे काल बसून लिहिलंय असं कुणी म्हटलं, तर मी काय उत्तर देऊ?"

"काल नाही लिहिलं," ऑरिन म्हणाला.

"मग इतक्या वेळा का बदललं? मला कारण लागेल, सर. नाहीतर मी हे पुढे पाठवू शकत नाही."

आता आली का पंचाईत. ऑरिनला खोटं बोलता येत नव्हतं. गावात त्याची ख्याती तीच. ब्रेक आणखी सहा महिने चालतील, कशाला बदलता, असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा तो. आयुष्यात एकच खोटं तो बोलला होता, आणि ते ज्या माणसाला सांगितलं ते माणूस चार फुटांवर उभं होतं. बोलावं तर तिच्या मनातून उतरणार, न बोलावं तर ती जाणार. त्याने फडकं खाली ठेवलं.

"गाडीला गरज नव्हती," तो फोनकडे बघत म्हणाला. "मी तिला खोटं सांगितलं. पहिल्या वेळी ती आली तेव्हा म्हणालो, की या इंजिनाला दर दोन हजारांनी तेल लागतं. नाहीतर ती वर्षातून दोनदाच आली असती."

डॅरेलने कॅमेरा खाली घेतला.

"आणि बाकीच्या गिऱ्हाइकांच्या नोंदी नाहीत," ऑरिन पुढे म्हणाला, "कारण बाकीची गिऱ्हाइकं कधी आली ते मला लक्षात ठेवायचं नव्हतं. हिचं ठेवायचं होतं. फसवलं मी तिला, छत्तीस वेळा. पण तेल खरंच बदललं. प्रत्येक वेळी, चांगल्यातलं."

इतकं एका दमात तो उभ्या जन्मात बोलला नसेल. डॅरेलने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली, अगदी मन लावून.

यवेटने घसा साफ केला. डॅरेलला विचारलं, की तेलाचा गाळ, काजळी काही दिसते का? डॅरेल म्हणाला, कणभर नाही, हा माणूस म्हणतो ते इंजिनच सांगतंय. मग बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला.

"मी जबाबात लिहिते आहे," यवेट म्हणाली, "की कंपनीच्या अपेक्षेपेक्षा तिपटीहून जास्त काळजी घेतली गेली. क्लेम मंजूर. इंजिन उघडायला हरकत नाही, सर. आणि सर, गेली बारा वर्षं मी हेच काम करतेय. आजचं रेकॉर्डिंग मी माझ्या साहेबांना ऐकवणार आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. डॅरेलने घाईघाईने सामान आवरलं, दोघांशी हात मिळवला, आणि ऑरिनचा हात जरा जास्तच वेळ दाबून निघून गेला.

आता गॅरेजात दोघंच. ऑरिन पान्यांचा खण उघडून उगाच पाने मोजायला लागला.

"चुकलं माझं," तो खणात बघतच म्हणाला. "तुला राग आला असेल तर बरोबर आहे. काम मी करतोच. त्यानंतर तू दुसरीकडे गाडी नेलीस तरी मी काही म्हणणार नाही."

मार्लिस कपाटाच्या दारापाशी गेली होती. वरून खाली एकेक ओळ वाचत होती, बोट लावून, घाई न करता. शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि मग वळली.

"ऑरिन," ती म्हणाली, "चाळीस पानांची वॉरंटी मी सहीआधी अख्खी वाचली. गाडीबरोबर पुस्तक मिळतं, ते मी वाचलं नसेल असं तुला वाटलं?"

ऑरिनने मान वर केली.

"पान एकशे बारा," मार्लिस म्हणाली. "साडेसात हजार. पहिल्याच आठवड्यात वाचलं."

"मग तू येत का राहिलीस?"

"केक कुणासाठी भाजत होते मी, गाडीसाठी?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "मला वाटलं, आज बोलेल, पुढच्या वेळी बोलेल. सहा वर्षं वाट बघितली. आणि शेवटी बोललास कुणापाशी, तर कंपनीच्या बाईपाशी."

आनंदाच्या भरात ऑरिनने चौदा नंबरचा पाना खणात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मार्लिसनेच मग त्याची सुटका केली. गाडीवर हात ठेवून तिने विचारलं, की याला किती दिवस लागतील.

आता महिनाभर म्हणावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एका आयुष्यात एक खोटं पुरे.

"चार दिवस," तो म्हणाला.

"कर सावकाश," मार्लिस म्हणाली आणि कोट काढून तिने खुंटीला अडकवला. "मला कुठे जायचंय?"